आधी माणसं, मग करंज्या

बाळा,

फोनवर तू म्हणालीस ते मी नीट ऐकलं. ऑफिसचं काम, मुलांची शाळा, संडेस्कूलचं नाटक, फराळ, गावी जायची तयारी, या सगळ्यांत घरातली प्रार्थना नेमकी डिसेंबरातच सुटते आणि २५ तारखेला उपासनेत डोळे मिटतात ते थकव्याने. ज्याचा जन्मदिवस त्याच्याशी बोलायला सवड नाही आणि ज्यांच्यासाठी एवढं रांधायचं त्यांच्यावरच चिडचिड. तुझ्या आजीने आणि माझ्या सासूबाईंनी या महिन्याबद्दल मला जे शिकवलं ते लिहून पाठवते आहे. जावईबापूंनाही वाचायला दे, यातलं निम्मं त्यांच्यासाठी आहे.

नाताळ लवकर सुरू कर. आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळचा रविवार. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी तुम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसा. त्यावर आधी चार रविवारच्या उपासना, २४ची रात्र, २५ची सकाळ आणि ३१चा वॉचनाइट लिहा. मग माणसांची नावं लिहा: कोणाकडे जायचं, कोणाला बोलवायचं, कोणाशी बऱ्याच दिवसांत बोलणं नाही. साफसफाई, खरेदी आणि फराळ त्यानंतर उरलेल्या जागेत. हाच क्रम उलटा केला की प्रार्थना आणि माणसं उरलेल्या वेळावर जातात, आणि डिसेंबरात वेळ उरतच नाही. घराला रंग द्यायचा असेल तर मे महिन्यात द्या. नवे कपडे मुलांना घ्या. मोठ्यांचे एक वर्षाआड घेतले तरी चालतात, आणि त्यासाठी कर्ज किंवा हप्ता तर मुळीच नको.

आता वाचनाचं. लूकाच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरला पहिला, २ला दुसरा, असं रोज एक वाचलं की २४ तारखेच्या रात्री शेवटचा अध्याय येतो. सासूबाईंच्या घरी हाच नेम होता. वेळ जेवण संपल्यावरची, पण ताटं उचलण्याआधीची. ताटं उचलली की एक जण मोरीत, एक फोनवर, एक टीव्हीसमोर, आणि मग कोणी परत येत नाही. एके दिवशी राहिलं तर मागचं भरून काढत बसू नकोस, सरळ त्या तारखेचा अध्याय उघड. वाचन अंगावर साचलं की माणूस ते सोडून देतो. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, बाविसावा ७१ वचनांचा. ते दोन-तीन जणांत वाटून वाचा. थोरल्याला वाचता येतं, त्याच्याकडून वाचून घे, अडखळू दे. धाकटीला त्यातलं एखादं नाव लक्षात ठेवायचं काम दे.

आणि वाचा मराठीतच. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, शाळेत त्यांना येशूची गोष्ट इंग्रजीत कळेल. पण गावी त्यांचे आजोबा मराठीत प्रार्थना करतात, आणि नातवाला ती प्रार्थना कळावी, त्याने तिला मनापासून आमेन म्हणावं, असं मला वाटतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या, फार न शिकलेल्या बायकांना समजावं म्हणून. १९२२मध्ये मरण येईपर्यंत त्या बाईने ते काम सोडलं नाही. एवढ्या कष्टाने मिळालेलं वचन आपल्या जेवणाच्या चटईवर मराठीत वाचलं गेलं पाहिजे.

मुलं रोज विचारतील, अजून किती दिवस? विचारू दे. १८३९मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विखेर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. तिथली मुलंही त्यांना असंच विचारून भंडावत. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या लावल्या आणि रोज एक जास्त पेटवायला सुरुवात केली. आगमनकाळाच्या मेणबत्त्या जगभर पसरल्या त्या तिथून. तू एका पितळी ताटलीत चार मेणबत्त्या लाव आणि काडी ओढायची पाळी ठरवून दे. रविवारी मोठ्या माणसांनीही त्या उजेडात पाच मिनिटं गप्प बसायचं. वाट बघणं शिकवायला यापेक्षा सोपी रीत मला सापडलेली नाही.

लूकाचा हा नेम धरला की एक गंमत होते. अध्याय आणि तारीख जुळून येतात आणि त्या त्या दिवसाचं काम आपोआप समोर येतं. त्यातले काही दिवस तुला सांगते.

७ तारखेला नाईन गावच्या विधवेची गोष्ट येते. एकुलता एक मुलगा गेलेला, आणि प्रभू तिच्यापाशी थांबतो. त्या दिवशी मंडळीतलं, नात्यातलं, शेजारचं असं घर आठव, जिथे यंदा माणूस गेलं आहे आणि हा पहिला नाताळ आहे. अशा घरात फराळ होत नाही, बऱ्याचदा चांदणीही लागत नाही. २५ला सगळे जातात आणि घाईत जातात. तू ७च्या आसपासच जा. गेलेल्या माणसाचं नाव घे. लोक नाव घ्यायला भितात, आणि घरच्यांना तर तेच ऐकायचं असतं. कॅरोल पार्टीने ढोलकी वाजवत त्या दारात जाण्याआधी विचारावं. हो म्हणाले तर एक शांत गीत आणि प्रार्थना, चहासुद्धा मागू नये.

१० तारखेला मार्था आणि मरीया येतात. नेमक्या त्याच सुमारास घरात भाजणीचे डबे आणि खोबऱ्याचे कीस दिसायला लागतात. हा उतारा ऐकून बायकांना नेहमी अपराधी वाटतं. तसं वाटून घेऊ नकोस. प्रभूने मार्थाला रांधू नकोस असं सांगितलेलं नाही. ती फार गोष्टींची काळजी करते आणि दगदग करते आहे, एवढंच तो मायेने म्हणाला. मला त्यात आणखी एक दिसतं: मार्था एकटी होती. एकटीने काम केलं की मन कडू होतं आणि मग बहिणीची तक्रार थेट पाहुण्यापाशी जाते. म्हणून आपल्या घरात नाताळचा फराळ एकटीने करायचा नाही. एक शनिवार ठरव. जावईबापूंनी लाट्या कराव्यात, थोरल्याने कातण फिरवावं, समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना बोलाव. दिवाळीत तू त्यांच्याकडे चकल्या पाडायला गेली होतीसच. दुपारी चार वाजता हात थांबवायचे, झालं असेल तेवढं झालं. मग सगळ्यांनी एकत्र बसून चहा घ्यायचा आणि दोन गीतं म्हणायची. राहिलेलं पीठ दुसऱ्या दिवशी लाटता येतं.

पदार्थही कमी कर. करंज्या आणि एक लाडू घरचे, चकल्या आणि शेव महिला बचत गटाकडून घे. त्यांनाही चार पैसे मिळतात. अनारसे सुटले नाहीत तर रडत बसू नकोस.

फराळाचे डबे भरताना माझ्या सासूबाई काय करत ते तुला सांगायचंच आहे. डबा ज्या घरी जायचा त्या घराचं नाव घेऊन त्या करंज्या रचत आणि रचता रचता त्या घरासाठी प्रार्थना करत. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात. मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, म्हाताऱ्याचा दमा, जे ठाऊक असेल ते. डबा बंद झाला की आमेन. प्रार्थनेला वेगळा वेळ सापडत नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते. तुझ्याकडे पंधरा-वीस डबे निघत असतील, म्हणजे पंधरा-वीस घरं देवापुढे मांडली गेली. हे काम कुरिअरवाल्याला देता येत नाही. डबा शक्यतो स्वतः नेऊन द्यावा, दारात उभं राहून का होईना.

१२ तारखेला चिंतेचा अध्याय, तो तुम्ही दोघांनी मुलं झोपल्यावर पुन्हा एकदा वाचा. डिसेंबरात नवरा-बायकोचं बोलणं सगळं यादीचं होतं: हे आणलंस का, ते भरलंस का. रात्री दहा मिनिटं तरी यादी बाजूला ठेवून बोला, आणि एकमेकांसाठी आवाज काढून प्रार्थना करा. मनातल्या मनात केलेली देवाला कळते, पण जोडीदाराला कळत नाही, आणि आपल्यासाठी कोणी देवापाशी बोलतं आहे हे स्वतःच्या कानांनी ऐकणं फार मोठं असतं.

१४व्या अध्यायात प्रभू सांगतो की मेजवानीला अशांना बोलवा ज्यांना परतफेड करता येणार नाही. माझ्या मते नाताळाचा सगळा शिष्टाचार या एका उताऱ्यावर तपासावा. आपण बोलावतो ते ज्यांनी आपल्याला बोलावलं त्यांना. तुमच्या सोसायटीत ईशान्येकडच्या राज्यांतून आलेल्या मुली राहतात, हॉटेलात आणि पार्लरमध्ये काम करतात. त्यांतल्या काही ख्रिस्ती असतील आणि २५ तारखेला त्यांना सुट्टी नसेल. त्यांची सुटायची वेळ विचारून त्या वेळी जेवायला बोलाव, मग रात्रीचे दहा का वाजेनात.

आणि गावी गेलात की ऊसतोडीच्या तळावर जा. नगर जिल्ह्यात डिसेंबर म्हणजे गळीत हंगामाचा भर. कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्याच्या आसपास कोप्या घालून राहतात, त्यांत आपल्या मंडळ्यांमधलीही असतात. त्यांच्या मुलांचं ना संडेस्कूल, ना नाटक. कॅरोल पार्टी गावात मध्यरात्रीपर्यंत फिरते, पण तळावर ती सगळ्यांत आधी, दिवेलागणीलाच गेली पाहिजे, कारण ती माणसं पहाटेच्या आधी फडात जायला उठतात. त्यांच्याकडे काही खाण्याचा आग्रह झाला तर नाही म्हणू नये, त्यांच्या हातचं घ्यावं. कानटोप्या आणि सॉक्स न्या, त्या थंडीत लहान पोरांना केकपेक्षा त्यांची गरज असते.

कॅरोल पार्टीचं निघालंच आहे तर जावईबापूंसाठी दोन गोष्टी. म्हाताऱ्यांची घरं रात्री नऊच्या आत करा, ती माणसं जागत बसतात आणि तुम्ही साडेबाराला पोचता. एका घरी एक गीत, एक वचन, एक प्रार्थना. प्रत्येक घरी बशीभर फराळ खाल्ला तर शेवटच्या पाच घरांना आवाज मिळत नाही. दहानंतर स्पीकर बंद, नुसती पेटी आणि टाळ. शेजारी दुसऱ्या धर्माचे आहेत, त्यांची झोप मोडून आपण शांतीचं गीत गाऊ नये.

१५ तारीख. उधळ्या पुत्राचा अध्याय. यावर जरा थांबते.

हा अध्याय वाचून आपण घर सोडून गेलेल्या धाकट्याचा विचार करतो, आणि तुटलेल्या माणसाला भेटायला निघतो. ते करावंच. पण कसं, ते ऐक. भेट १५च्या सुमारास घे, २४ला नको. मधे दिवस असले की पहिल्यांदा दार नीट उघडलं नाही तरी दुसऱ्यांदा जाता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर क्षमा मागू नये, प्रत्यक्ष जावं. पहिला सलाम आपण करावा. एकाच गोष्टीबद्दल बोलावं, जुनी सगळी पोतडी उघडू नये. जमिनीचा, सातबाऱ्याचा वाद असेल तर त्या दिवशी कागदाचं नाव काढू नये; त्यासाठी जानेवारी आहे, वकील आहे. आणि एक ध्यानात ठेव: ज्या माणसाने हात उगारला, ज्याच्यापासून धोका आहे, त्याच्या घरी नाताळ आहे म्हणून जायची सक्ती कोणी कोणावर करू नये. क्षमा मनात देवापुढे करता येते, उंबरठा ओलांडणं ही वेगळी गोष्ट आहे. मंडळीतल्या मोठ्या बायका कधी कधी कोवळ्या मुलींना उलटं सांगतात. तू ऐकू नकोस, आणि दुसऱ्या कोणाला तसं सांगूही नकोस.

पण त्या गोष्टीत थोरला मुलगाही आहे. तो घर सोडून गेला नाही, शेतात राबत राहिला, आणि मेजवानी दुसऱ्यासाठी झाली म्हणून बाहेर उभा राहिला. बाप त्याच्यासाठीसुद्धा उठून बाहेर येतो. तुमच्या घरात ही जागा तुझ्या थोरल्या जावेची आहे. सासू-सासऱ्यांची पथ्यं, दवाखाना, गुरं, सगळं वर्षभर ती बघते. तुम्ही पुण्याहून केक आणि खेळणी घेऊन २४ला पोचता, आणि सगळा गाव म्हणतो, पुण्याची आली! ती चुलीपाशी असते. तिची धुसफूस तुला टोचते असं तू मला पूर्वीही सांगितलंस. बाळा, ती बाहेर उभी आहे, तिच्याकडे कोणी गेलेलं नाही. तेव्हा १५ तारखेला तिला फोन कर. सासूबाईंची चौकशी करायला नाही, तिची चौकशी करायला. काय आणू हे विचार आणि काय करायचं बाकी आहे हेही विचार. दोन दिवस रजा काढून २२लाच जा आणि तिच्या हाताखाली काम कर. स्वयंपाकघर तिचं आहे, मीठ किती घालायचं ते तिलाच विचार. जेवायला तिला पहिल्या पंगतीला बसव, वाढायला तुम्ही दोघं उभे राहा. २५ला घरातली प्रार्थना तिला करायला सांगा. दरवर्षी ती सासरे करतात, पण त्यांना आनंदच होईल, मी त्यांना ओळखते.

गावी चुलत घरं ख्रिस्ती नाहीत, तेही जेवायला येतील. त्यांच्यापुढे जेवणाआधीची प्रार्थना लपवू नका आणि लांबवूही नका, नेहमी करता तेवढीच करा. ताटावर बसवून प्रवचन करू नये. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला आणि त्यांचं घर दुभंगलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं माहेरच्या आणि नात्यातल्या माणसांत वेगळ्या राहिल्या. दोघं पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं लगेच सोडलं नाही. बाप्तिस्मा घेतला तो १९००मध्ये, स्वतःच्या मनाने. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या कपाटात आहे, गावी जाताना बरोबर घे आणि रात्री जावेला वाचून दाखव, दोघी पोट धरून हसाल आणि रडालही. त्या घरात प्रेम तुटलं नाही म्हणून पुढे सगळं झालं. आपल्याकडून नात्याचा दोर कधी सोडायचा नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

१९ला जक्कय येतो, त्या दिवशी देणी चुकती करायची. दूधवाला, किराणा, कोणाचे उसने. घरकामाच्या मावशींना नाताळची भेट याच दिवशी दे, २४ला नको. त्यांनाही त्यांच्या घरचं काही ठरवायचं असतं. २१ला विधवेची दोन नाणी. मुलांकडून त्यांच्या खाऊच्या पैशांतलं दान बाजूला काढून घे. तू दिलेली नोट त्यांनी पेटीत टाकणं हे त्यांचं दान होत नाही. २२ला प्रभुभोजनाचा अध्याय आहे आणि त्या दिवशी तुम्ही प्रवासात असाल, तर गाडीत मुलांना गोष्टीसारखा सांगा.

२३ला वधस्तंभ, २४ला रिकामी कबर आणि अम्माऊसची वाट. नाताळच्या आदल्या रात्री हे कशाला, असं थोरला विचारेल. त्याला सांग की गव्हाणीतलं बाळ कोण होतं हे या दोन अध्यायांवाचून कळत नाही. अम्माऊसच्या घरात भाकर मोडताना त्यांनी प्रभूला ओळखलं, तेव्हा त्या रात्री तुम्हीही भाकरी मोडून एकमेकांना द्या आणि मगच चर्चला निघा. रात्रीच्या उपासनेला जाणाऱ्या मुलांना दुपारी झोपव. तूही झोप, पलंगावर, दार लावून. २५च्या सकाळी दुसरा अध्याय पुन्हा वाचायचा, आणि तो सासऱ्यांनी वाचायचा.

२५ची संध्याकाळ झाली की सगळं संपल्यासारखं वाटतं आणि लोक चांदणी उतरवतात. ती ६ जानेवारीपर्यंत, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत राहू दे. जी भेट डिसेंबरात जमली नाही ती या दिवसांत जमते, आणि खरं तर जास्त चांगली होते, कारण घाई कोणालाच नसते. वृद्धाश्रमात, इस्पितळात २५ला रांग लागते आणि २८ला कोणी नसतं; तुम्ही २८ला जा. परदेशात मुलं असलेली जोडपी मंडळीत आहेत, त्यांना या आठवड्यात एक दिवस जेवायला बोलाव.

आणि परत निघण्याआधी जावेची जानेवारीतली एक सवड बघून ठेव. तिला आणि मुलांना आठवडाभर पुण्याला घेऊन जा, तेवढे दिवस जावईबापूंनी गावी राहून आई-वडिलांचं आणि गुरांचं बघावं. घरून काम करता येतं ना त्यांना? इंटरनेटची काय सोय करायची ते आत्ताच विचारून घ्या.

तुझी मावशी